राज्यशास्त्राचे वीस गुण ग्रामसभेत मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 'तुमचे मत नोंदवा' असा एक प्रश्न असतो. एक विधान दिलेले असते आणि विद्यार्थ्याने त्यावर स्वतःचे मत कारणांसह लिहायचे असते. हा प्रश्न घालणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण आज कुठल्याही गाईडमध्ये या 'मता'चे तयार उत्तर मिळते. मुले ते पाठ करतात आणि पेपर तपासायला बसले की तेच मत, त्याच चार वाक्यांत, गठ्ठाभर वाचावे लागते. गाईडमधले उत्तर चूक नसल्याने गुणही द्यावे लागतात. जी मुले वर्षभरात मतदार होणार आहेत, त्यांचे मत छापील पुस्तकातून उतरवलेले असावे, याची मला मनापासून काळजी वाटते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. कला शाखेला येणारी आमची मुले बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर सकाळच्या एसटीने येतात, मुलगे मिळेल त्या गाडीने. राज्यशास्त्र घेण्याची कारणे विचारली तर पहिले उत्तर स्पर्धा परीक्षा. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी, सगळीकडे राज्यघटनेवर प्रश्न येतात. दुसरे उत्तर म्हणजे विषय सोपा आहे, पाठ केला की निघतो. गावाचा कारभार कळावा म्हणून विषय घेतला, असे सांगणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. हा दोष मुलांचा नाही. तसे काही या विषयातून मिळते, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते.

पालकांना तर विषयाच्या नावाचीच धास्ती. प्रवेशाच्या वेळी एका मुलीचे वडील मला म्हणाले, "मॅडम, पोरीला राजकारण कशाला शिकवताय?"

मी विचारले, "तुमच्या गावात सरपंच कोण आहे?"

"महिला राखीव हाय. माझी भावजयच हाय सरपंच."

"आणि कारभार कोण बघतं?"

"भाऊच बघतो की. तिला काय कळतंय त्यातलं."

"म्हणून शिकवायचं, दादा. उद्या तुमची लेक सरपंच झाली तर तिला कळलं पाहिजे."

ते काही बोलले नाहीत, पण फॉर्मवर सही करून गेले. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या त्या २०११ साली. म्हणजे आज बारावीला असलेल्या मुली त्यांना कळू लागल्यापासून आई, काकू, मावशी यांना निवडणुकीला उभे राहताना पाहत आल्या आहेत. सही करणारी बाई आणि कारभार करणारा पुरुष, हेही त्या पाहत आल्या आहेत. वर्गात हा विषय निघाला की एरवी गप्प बसणाऱ्या मुलींना बोलायचे असते. पण अभ्यासक्रमात त्या बोलण्याला जागा कुठे आहे?

आता पुस्तकांकडे येते. अकरावीच्या पुस्तकात राज्याची संकल्पना, स्वातंत्र्य आणि हक्क, समता आणि न्याय, प्रतिनिधित्व, न्यायमंडळ, लोकप्रशासन आणि १९४५ नंतरचे जग आहे. बारावीच्या पुस्तकात १९९१ नंतरचे जग, जागतिकीकरण, राष्ट्रीय एकात्मतेसमोरची आव्हाने, सुशासन, भारताचे इतर देशांशी संबंध आहेत. ही पुस्तके वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. जुन्या पुस्तकांपेक्षा ती कितीतरी बरी आहेत आणि शीतयुद्ध शिकवताना मला स्वतःला आनंद होतो. पण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषद यांचा सविस्तर अभ्यास आपल्या अभ्यासक्रमात सहावीला होतो. अकरा-बारा वर्षांचे लेकरू सरपंचाची कामे पाठ करते आणि पाचापैकी पाच गुण घेऊन मोकळे होते. पुढे सातवीत संविधान, आठवीत संसद, नववीत परराष्ट्र धोरण, दहावीत निवडणुका, पक्ष आणि चळवळी. मूल वयाने जसजसे मतदानाच्या जवळ येते, तसतसा हा विषय त्याच्या गावापासून लांब जातो. बारावीचा मुलगा सोव्हिएत संघाच्या विघटनाची कारणे व्यवस्थित लिहितो आणि आपल्या ग्रामपंचायतीला पैसे कुठून येतात, हे विचारले तर गोंधळतो.

ज्या महाराष्ट्राने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा चालवून देशाला पंचायत राज्याचा नमुना दाखवला, तिथे असे व्हावे हे मला फार लागते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ७४ वी १ जूनला. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८. हे आकडे आमच्या मुलांना तोंडपाठ असतात. त्या २९ विषयांपैकी आपल्या पंचायतीकडे खरोखर किती आले, किती कागदावरच राहिले, हा पुढचा प्रश्न मात्र कुठल्याच पेपरात येत नाही.

मधली चार वर्षे तर हे शिकवणे माझ्यासाठी फारच अवघड होते. घटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. फळ्यावर मी हे लिहीत होते तेव्हा राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासक पाहत होते. मुदती २०२१ च्या अखेरीपासून संपत गेल्या. ओबीसी आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निकाल, त्यानंतरची प्रभागरचनेची ओढाताण आणि न्यायालयातल्या तारखा यांत निवडणुका अडकल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, आणि तरीही नगरपरिषदांचे मतदान व्हायला २ डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये अकरावीला आलेली तुकडी २०२४ मध्ये बारावी होऊन गेली, तिच्या मागची २०२५ मध्ये गेली. या दोन्ही तुकड्यांनी विकेंद्रीकरणावर टिपा लिहिल्या, पण त्या दोन वर्षांत शहरात राहणाऱ्या मुलांना निवडून आलेला नगरसेवक दिसला नाही. एका मुलाने विचारले होते, "मॅडम, घटनेत पाच वर्षं लिहिलंय ना? मग हे कसं चालतं?" आरक्षण, प्रभागरचना, ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयाने घातलेली तीन अटींची 'तिहेरी कसोटी' हे सगळे समजावून सांगायला मला दोन-तीन तासिका लागल्या. त्या तासिका परीक्षेच्या दृष्टीने वाया गेल्या असे कुणी म्हणेल. माझ्या मते वर्षभरात खरे राज्यशास्त्र झाले असेल तर ते त्याच तासिकांत.

गेल्या डिसेंबरातही असेच झाले. मतदान २ तारखेला झाले आणि मतमोजणी २१ तारखेवर गेली. मतदारयादी १ जुलै २०२५ ची धरलेली होती. माझ्या वर्गातल्या ज्यांना ऑगस्ट-सप्टेंबरात अठरा वर्षे पूर्ण झाली, ते वयाने प्रौढ होते, पण त्यांना मतदान करता आले नाही. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले, हे त्यांनी वाचलेले होते. "आम्हाला का नाही?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. यादीला कुठलीतरी एक तारीख धरावीच लागते, हे मी सांगितले. नंतर आम्ही वर्गात बसून आयोगाचे नियम वाचले. आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाले का ते पाहायच्या तारखा, असतात आणि सतरा पूर्ण झाले की मतदार नोंदणीचा अर्ज, नमुना ६, आगाऊ भरता येतो. हे कळल्यावर अख्ख्या वर्गाने मोबाईलवर अर्ज भरले. कुणाच्या घरच्या पत्त्याचा पुरावा नव्हता, कुणाच्या जन्मतारखेत घोळ होता. बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी, कोण हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आम्ही शिक्षक निवडणुकीच्या कामाला जातो हे वाचकांना ठाऊक आहे. त्या कामाबद्दल आमच्यात बरीच कुरकुर असते आणि ती बऱ्याचदा रास्तही असते. मला मात्र या कामाने शिकवायला जेवढे साहित्य दिले, तेवढे कुठल्या प्रशिक्षणाने दिले नाही. विधानसभेच्या वेळी मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचे, त्यातली मते मोजून दाखवायची, ती पुसून यंत्र पुन्हा मोहोरबंद करायचे. संध्याकाळी नमुना १७-सी भरून एकूण किती मते नोंदली गेली ते लिहायचे आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यायची. हे मी वर्गात क्रमाने सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकतात. यंत्राविषयी त्यांनी मोबाईलवर काय काय ऐकलेले असते! कुठली शंका विचार करण्यासारखी आहे आणि कुठली ऐकीव, हे त्यांचे त्यांना ठरवता येते, कारण प्रक्रिया त्यांना पायरीपायरीने माहीत झालेली असते. दहावीच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर पाठ आहे. बारावीला तोच धागा पकडून मतदान केंद्राच्या आत का जाऊ नये?

माझे मुख्य म्हणणे आता मांडते. राज्यशास्त्राची परीक्षा ८० गुणांची लेखी आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी असते. त्या वीस गुणांसाठी मुले प्रकल्प करतात. खरे सांगायचे तर 'संयुक्त राष्ट्रे', 'सार्क', 'जागतिकीकरणाचे परिणाम' अशा विषयांवर इंटरनेटवरून मजकूर उतरवला जातो, झेरॉक्सच्या दुकानात रंगीत मुखपृष्ठ काढले जाते, आणि ती वही पुढच्या वर्षी नाव बदलून धाकट्या भावंडाकडे जाते. सगळ्यांना वीसपैकी अठरा-एकोणीस गुण मिळतात. विज्ञान शाखेच्या मुलांना प्रयोगशाळा आहे, नोंदवही आहे, बाहेरून परीक्षक येतो. आमच्या विषयाची प्रयोगशाळा प्रत्येक गावात सरकारी खर्चाने बांधलेली आहे, तिथे नोंदवह्या ठेवायची कायद्याने सक्ती आहे, आणि तिथे आम्ही मुलांना कधी पाठवत नाही.

काही वर्षांपासून मी माझ्यापुरता प्रकल्प बदलला आहे. मुलांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेला जायचे आणि शहरातल्यांनी नगरपरिषदेचा अर्थसंकल्प मिळवून वाचायचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अठरा पूर्ण नसलेल्यांना तिथे ठराव मांडता येत नाही, पण बसून ऐकायला कुठल्याही गावाने आडकाठी केली नाही. उलट म्हाताऱ्या माणसांनी पोरांना पुढे बसवले.

मुलांनी आणलेल्या नोंदी वाचण्यासारख्या असतात. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी. एका मुलाने हजर माणसे मोजली आणि नंतर हजेरी वहीतल्या सह्या मोजल्या. दोन आकडे जुळले नाहीत. दुसऱ्या गावात माणसे जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली आणि नंतर थोडक्या लोकांत उरकली, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या मुलीने लिहिले होते की अट पहिल्या सभेला आहे आणि निर्णय दुसऱ्या सभेत होतात, मग अट कशासाठी? मी शिकवलेले हे वाक्य नव्हते आणि कुठल्या गाईडमध्येही ते सापडणार नाही. 'तुमचे मत नोंदवा' या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मी आजवर वाचलेले नाही.

आणखी एक मुलगी ई-ग्रामस्वराज ॲपवर आपल्या गावाचा आराखडा शोधून बसली. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित आणि अबंधित अशा दोन वाट्यांत येत असे. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, हे तिने शोधून काढले. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, हे मी वर्गात सांगितले होते. तिने ग्रामसेवकांना जाऊन विचारले की आपल्या गावात ते पैसे कशावर गेले. त्यांनी वही उघडून दाखवली, नीट बोलले. चहासुद्धा पाजला, असे तिने प्रकल्पात लिहिले आहे. माहिती न मिळाली तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत. २००५ च्या या कायद्यात नागरिकाला हक्क दिला आहे, वयाची अट घातलेली नाही. तो कायदा मिळवण्यात महाराष्ट्रातल्या चळवळीचाही वाटा होता, हे मुलांना आम्ही सांगतो. अर्ज लिहायला शिकवले तर त्यांना तो वापरताही येईल.

सगळेच चांगले घडते असे नाही. एक मुलगा सभेहून आला तो गप्प गप्प होता. दोन दिवसांनी म्हणाला, "आमच्या वस्तीतलं कुणी पुढं बसत नाही, मॅडम. मागं उभं राहून सही करून येतात." त्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि ४ नोव्हेंबर १९४८ चे डॉ. आंबेडकरांचे संविधान सभेतले भाषण घेतले. त्यात त्यांनी खेड्याला घटनेचा पाया मानायला नकार दिला होता. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, असा त्यांचा रोख होता. त्याच संविधानात पुढे अनुच्छेद ४० ने ग्रामपंचायती आल्या आणि पंचेचाळीस वर्षांनी त्यांना घटनात्मक दर्जा मिळाला. यात कोण बरोबर, हा वाद त्या तासिकेत वर्गाने पोटतिडकीने घातला. एका बाजूला स्वतः पाहिलेली ग्रामसभा होती आणि दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचे शब्द. घंटा झाली तरी कुणी उठेना.

हे सगळे करताना अडचणी येतात त्याही लिहिते. पहिली अडचण भीतीची. 'वर्गात राजकारण नको' ही सूचना प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षण संस्थांचे पदाधिकारीच निवडणुकीच्या रिंगणात असतात. अशा ठिकाणी स्थानिक कारभारावर मुलांना प्रश्न विचारायला लावणे म्हणजे शिक्षकाने नोकरीवर संकट ओढवून घेणे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांकडून तर ही अपेक्षा करणेच अन्याय आहे. दरवर्षी नेमणूक नव्याने व्हायची असेल तर कोण कशाला जोखीम घेईल? म्हणूनच हा उपक्रम एकेका शिक्षकाच्या उत्साहावर सोडून चालणार नाही. मंडळाच्या आराखड्यातच तो लिहिलेला असला, तर शिक्षकाला तो कागद दाखवता येईल. पक्षाचा प्रचार वर्गात होता कामा नये, याबद्दल माझे दुमत नाही. पण पंचायतीचा जमाखर्च वाचणे हा प्रचार नव्हे.

दुसरे असे की या विषयावर वाद होतो तो नेहमी पुस्तकात काय असावे आणि काय वगळावे यावर. केंद्राच्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांवरून २०१२ मध्ये व्यंगचित्रांचा वाद झाला, आपल्या पुण्यात त्या पुस्तकांचे एक मुख्य सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. २०२३ मध्ये पुस्तकांतून प्रकरणे वगळली गेली तेव्हा पळशीकर आणि दुसरे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव यांनी पुस्तकांवरून आमची नावे काढा असे कळवले. दहावीच्या पुस्तकातून लोकशाहीसमोरच्या आव्हानांचे प्रकरण गेले. ते जायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात तशा नावाचा पाठ अजून आहे याचे मला समाधान आहे. मात्र पान राहिले काय किंवा गेले काय, मूल ते पाठच करणार असेल तर आपण निम्मीच लढाई लढत आहोत.

राज्याचा अभ्यासक्रम आता नव्याने बांधला जात आहे. पहिलीपासून २०२५-२६ मध्ये सुरुवात झाली आणि बदल टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांपर्यंत येणार आहे. अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर काम करणाऱ्या अभ्यासगटाला माझी विनंती आहे की स्थानिक शासनाचे एक प्रकरण बारावीला आणा आणि ते सहावीपेक्षा मोठ्या पातळीवर, पैसा, अधिकार आणि जात यांच्यासह मांडा. पुस्तके यायला वेळ लागेल. वीस गुणांचे मूल्यमापन बदलायला पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. ग्रामसभेची किंवा नगरपरिषदेच्या सभेची नोंद, तिथला एखादा आर्थिक कागद वाचून केलेले टिपण आणि त्यावर शिक्षकासमोर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा एवढे पुरे आहे. उतरवलेली वही तोंडी परीक्षेत टिकत नाही. त्यासोबत ग्रामविकास आणि नगरविकास विभागांनी आपल्या कार्यालयांना एक पत्र द्यावे, की अकरावी-बारावीचे विद्यार्थी आले तर त्यांना बसू द्या आणि मागतील ती खुली माहिती दाखवा.

अकरावीचे प्रवेश पावसाळ्यात उरकतात आणि नव्या तुकडीपुढची पहिली ग्रामसभा १५ ऑगस्टची असते. त्याआधी मंडळाचे परिपत्रक निघाले, तर याच वर्षापासून सुरुवात करता येईल. प्रकल्पाचा मी वापरते तो नमुना आणि तोंडी परीक्षेचे प्रश्न आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत पाठवत आहे. कुणा शिक्षकाला हवे असल्यास कृपया द्यावेत.

आपली,
राज्यशास्त्राची एक अध्यापिका, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)